तळघरातली अंबाडी

गांजा लावायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी लायब्ररीत गेले. तशी रोजच जायचे, नोकरीच तिथे होती. पण त्या दिवशी वाचक म्हणून गेले. काहीही करायचं तर आधी त्यावरचं पुस्तक वाचायचं, ही माझी जुनी खोड. पोहायलाही मी पुस्तकावरूनच शिकले, आणि म्हणूनच मला पोहता येत नाही.

साल १९८४, हिवाळा. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहत होतो. आई अमरावतीहून येऊन वर्ष होत आलं होतं. लेकीचा संसार बघायला जाते, असं सगळ्यांना सांगून ती निघाली होती. इथे आल्यावर तिच्या पोटात गाठ निघाली आणि संसार तसाच ठेवून लेक तिचं पोट बघत बसली. केमो सुरू झाल्यापासून तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. भाताची पेज नाही, ताक नाही, लिंबाचं सरबतसुद्धा नाही. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचे डोस थांबवावे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे प्रश्न अगदी सरळ होता. आईनं जेवायला हवं होतं.

गांजाची कल्पना उत्तराची. उत्तरा माझी मैत्रीण, मिनियापोलिसमध्ये कॅन्सरच्या वॉर्डवर नर्स. एकदा माझ्याकडे चहा पिताना ती आवाज उतरवून म्हणाली, "आमचे काही पेशंट घरी जाऊन ग्रास घेतात. मळमळ थांबते म्हणतात. डॉक्टरांना माहीत असतं. ते खिडकीबाहेर बघतात."

"ग्रास म्हणजे?"

"गांजा गं, सुनेत्रा! आणि म्हणे ही एवढी पुस्तकं वाचते!"

"आई ओढेल असं वाटतं तुला? ती बडीशेप खाल्ली तरी चूळ भरते."

"मग पोटातून दे. कशात तरी घालून. पण आणणार कुठून?"

तो प्रश्न खराच होता. गांजा विकत घ्यायला ओळखी लागतात आणि आमच्या सगळ्या ओळखी महाराष्ट्र मंडळातल्या. तिथे बेकायदेशीर म्हणून फार तर कस्टम्सला चकवून आणलेलं कैरीचं लोणचं मिळालं असतं. शेवटी उत्तरानंच कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीतून बिया आणून दिल्या. कुणाकडून आणल्या ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डबी टेबलावर ठेवून आम्ही दोघी तिच्यापासून जरा लांब बसलो.

तर लायब्ररी. मला मिळाली ती महायुद्धाच्या काळातली एक सरकारी पुस्तिका. तेव्हा आरमाराला दोरखंड हवे होते, म्हणून मिनेसोटातल्या शेतकऱ्यांना हेच पीक घ्यायला सांगितलं होतं. एकरी बियाणं किती, पेरणीचं यंत्र कोणतं, धागा लांब निघावा म्हणून काय करायचं, हे सगळं त्यात होतं. माझ्याजवळ एकर नव्हता, तळघरात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमागचा कोपरा होता. तरी मी ती पुस्तिका दोन कपाटांच्या मधे उभी राहून शेवटपर्यंत वाचली. माझ्या कार्डावर घरी नेली नाही, कारण कोण काय नेतं याची नोंद ठेवणारी मीच होते आणि माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

शैलेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तेव्हा तो बूट न काढताच सोफ्यावर बसला.

"सुनेत्रा, माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू येतोय. ते विचारतात, माहितेय ना? गुड मॉरल कॅरॅक्टर."

"तुझं कॅरॅक्टर चांगलंच आहे. लावणारी मी आहे."

"घर जॉइंट नावावर आहे!"

"मग तू वरच्या मजल्याचा मालक हो. तळघर माझं."

त्या रविवारी मी एकटीच खाली ट्यूबलाइट टांगायला लागले. भिंतींना पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवली. उजेड सगळीकडून परत यावा हा हेतू होता. पण दिसायला ते मंडळाच्या गणपतीचं मखर दिसत होतं. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्यांना खालून भोकं पाडून त्यांच्या कुंड्या केल्या. बादल्यांवर 'बटर पीकन' लिहिलेलं होतं. धाड पडलीच तर निदान हसतील, असा मी विचार केला.

शैलेंद्र जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभा राहिला. तो इंजिनियर. नवरा म्हणून त्याला खूप काही सोसतं, पण वाकडी टांगलेली ट्यूब सोसत नाही.

"हे डोक्यात पडेल तुझ्या."

"पडू दे."

"स्टूल धरतो. पण मला यातलं काही माहीत नाही."

पुढच्या रविवारपर्यंत ट्यूब साखळ्यांवर वरखाली होत होत्या, दिवे आपोआप लागत आणि विझत होते, कोपऱ्यात एक छोटा पंखा मान हलवत होता आणि भिंतीवर थर्मामीटर होता. "मी फक्त वायरिंग केलंय," तो म्हणायचा. आणि सकाळी ऑफिसला जाण्याआधी कोट घालून खाली जायचा, थर्मामीटर बघायचा.

रोपं आली. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी ती दाटीनं लावली होती, त्यामुळे उंच आणि काटकुळी झाली. दोरखंडासाठी उत्तम. उत्तरा बघायला आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, ही मारुतीच्या शेपटीसारखी काय वाढवलीस? आता फुलं येईपर्यंत थांब. जे काय असतं ते फुलांत असतं." मग मी थांबले. वर आईसमोर पेजेची वाटी धरायची, ती चमचाभर घेऊन मान फिरवायची, आणि मी खाली जाऊन फुलं आली का बघायची. दिवस असे जात होते.

आईला काही सांगितलं नव्हतं. ती हेडमास्तरांची बायको. आमच्या गल्लीत कुणी तंबाखू मळला तरी ती खिडकी लावून घ्यायची. औषध म्हणूनही तिनं याला हात लावला नसता. तिची तळघरात ये-जा नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. पण घरातली सगळ्यात उबदार जागा भट्टीजवळचीच होती आणि तिला सतत थंडी वाजायची. एका शनिवारी मी कपडे ड्रायरमधून काढत होते, तर ती कठडा धरत, डोक्याला स्कार्फ गुंडाळून खाली आली. मी मधे पडायच्या आत ती मखरासमोर उभी होती.

"हे काय गं?"

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. पाच बोटांची, दातेरी कडांची पानं पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती. मला सुचलं ते मी बोलले.

"अंबाडी."

"अंबाडी?" आई पुढे झाली. तिनं एक पान दोन बोटांत धरलं. "बर्फात? बाई गं! माझ्यासाठी लावलीस?"

"हो," मी म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.

अंबाडीच का म्हणाले? कारण पानं खरंच तशीच दिसतात. मी स्वतःवर खूश झाले. वऱ्हाडातल्या बाईला अंबाडी दाखवायची आणि ती नुसती बघत बसेल असं धरून चालायचं, हा शहाणपणा माझ्याइतकं वाचलेल्या माणसालाच सुचू शकतो.

त्यानंतर ती रोज दुपारी खाली जायची. भट्टीजवळ घडीची खुर्ची टाकून बसायची. "जरा भरू दे," एकदा मला म्हणाली. मला वाटलं, ती झाडांबद्दल बोलतेय. ती भाजीबद्दल बोलत होती.

इंटरव्ह्यू गुरुवारी होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी मी लायब्ररीतून आले आणि दार उघडलं, तर लसणाच्या फोडणीचा वास. आमच्या घरात कितीतरी महिन्यांत फोडणी झाली नव्हती. वासानं आईला ढवळायचं म्हणून आम्ही उकडलेलं खायचो. आणि आता आई स्वतः शेगडीपाशी उभी होती. एका हातानं ओट्याचा आधार घेतलेला, दुसऱ्या हातात उलथनं. भाकऱ्या झालेल्या. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेलं ज्वारीचं पीठ तिनंच शोधून काढलं होतं.

"आलीस? हात धू. तुमच्या अमेरिकेत अंबाडीसुद्धा आंबट नाही हो. चिंच घालावी लागली."

मी बॅग न ठेवताच खाली गेले. बादल्यांमधून उंच, सरळ, हिरव्या काड्या उभ्या होत्या. एक पान शिल्लक नव्हतं. पंखा काड्यांना वारा घालत होता.

बेडरूमचं दार लावून मी उत्तराला फोन केला.

"पानं? शिजवून? किती?"

"सगळी. तुरीची डाळ घालून."

पलीकडे ती हसत होती. "काही होणार नाही गं त्या पानांनी. झोप येईल फार तर. गाडी चालवू नका." मग ती एकदम नर्स झाली. "आई जेवणारेत का?"

"म्हणतेय तसं."

"मग फोन ठेव आणि जेवू दे त्यांना."

मी बाहेर आले, ताट वाढलं. आई खुर्चीवर बसली, पण ताटाला हात लावीना.

"शैलेंद्रराव येऊ देत. जावई यायच्या आधी मी जेवू होय?"

"आई, तू आजारी आहेस. तू घे."

"आजारी आहे, अडाणी नाही. सगळे मिळून बसू. कितीतरी दिवसांनी पंगत होतेय."

आता आली पंचाईत. शैलेंद्रला खाऊ घालायचं म्हणजे त्याला सांगायला हवं. सांगायचं म्हणजे आईसमोर सांगायचं. सांगितलं तर आई ताट सरकवणार, आणि परत केव्हा तिला जेवावंसं वाटेल कुणास ठाऊक. मी डोक्यात वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात गॅरेजचं दार वाजलं आणि शैलेंद्र बुटांवरचा बर्फ झटकत आत आला.

"वा, आई! काय वास सुटलाय!"

"बसा. तुमच्या तळघरातली अंबाडी. आणि तुमच्या पुण्याची साखर नाही घातली हं त्यात."

त्याचा मफलर अर्धवट सुटलेला तसाच राहिला. त्यानं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भाकरीचा तुकडा मोडून बसले होते आणि त्याच्याकडे बघत होते. ऑफिसच्या बॅगेतून नागरिकशास्त्राचं पुस्तक डोकावत होतं. तो जेवणाच्या सुट्टीत प्रश्नोत्तरं पाठ करायचा.

"गुरुवारी इंटरव्ह्यू आहे," तो सावकाश म्हणाला.

"म्हणूनच म्हणते, पोटभर जेवा," आई म्हणाली. "उपाशीपोटी उत्तरं सुचत नाहीत."

तो हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत होता. परत येऊन तो खुर्चीवर बसला, भाकरी मोडली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावला. नवरा म्हणून मी त्याला बऱ्याच गोष्टींत कमी लेखलं होतं. त्यांतली एक म्हणजे धैर्य.

"आई," तो म्हणाला, "अजून वाढा."

मग आईनं घास घेतला. मग दुसरा. मी मोजायचं नाही असं ठरवलं आणि माझ्या ताटातली भाजी संपवली. चव पालापाचोळ्यासारखी, चिंच आणि लसूण यांच्या मागे लपलेली. आई म्हणाली, "जरा कडवट आहे, पण बियाणंच तसलं असेल." आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

जेवण झाल्यावर आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. शैलेंद्र आईला अमेरिकन सरकारच्या तीन शाखा समजावून सांगू लागला. दुसऱ्या शाखेपर्यंत आल्यावर पहिली कोणती ते तो विसरायचा आणि पुन्हा सुरू करायचा. आई गंभीरपणे ऐकत होती. "त्यांना म्हणा, दोनच ठेवा," असं ती शेवटी म्हणाली. तो इतका हसला की चष्मा काढून बाजूला ठेवावा लागला. मला सिंकपर्यंतचं अंतर अनावश्यक लांब वाटायला लागलं होतं, तरी मी आईच्या शेजारून हलले नाही. जेवणानंतरचा वेळ वाईट असायचा. मांडीवर टॉवेल घेऊन, हाताशी रिकामं भांडं ठेवून मी वाट बघत होते.

तिला पुढचे डोस मिळाले. वजन तेवढं सावरलं. तरी आई मे महिन्यात गेली. अंबाडीच्या त्या संध्याकाळी अन्न टिकलं ते पानांमुळे, की स्वतःच्या हातच्या फोडणीमुळे, की चिंचेमुळे, मला सांगता येणार नाही. मी शोधलं. यावर पुस्तक नाही.

पण त्या संध्याकाळी मी टॉवेल धरून बसले होते आणि आईनं माझ्या मनगटाला हात लावला.

"काय गं? मळमळतंय?" मी उठले.

"नाही. शिल्लक आहे का थोडी?"

मी स्वयंपाकघरात गेले. शैलेंद्रनं पातेलं जवळजवळ रिकामं केलं होतं. मी ते आडवं धरून चमच्यानं कडा खरवडल्या, जे निघालं ते उरलेल्या अर्ध्या भाकरीवर घातलं आणि ताटली तिच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर घेतली आणि चवीनं, घाई न करता, जेवायला सुरुवात केली.