परक्या तोंडात पाव तास

मी एक कवळी बोलतेय. वरच्या जबड्याची, चौदा दातांची. आजवर पुष्कळ बोलले, पण ते सगळं दुसऱ्याचं. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं सांगते. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं म्हणतात. मी गरीब, दोन्ही कामं एकटीच करते.

माझा जन्म एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत झाला. तिथं एक कारागीर चष्मा कपाळावर चढवून दिवसभर दात लावत बसायचा. त्यानं मला आधी मेणात घडवलं, मग गुलाबी हिरड्या दिल्या, घासून घासून चकाकी आणली. समोरच्या दोन दातांत मात्र त्यानं मुद्दाम केसाएवढी फट ठेवली. "अगदी एकसारखे दात देवानं कुणालाच दिलेले नाहीत," तो म्हणाला. "खोटं वाटू नये म्हणून थोडी खोड ठेवावी लागते." ती खोड दातांतच राहती तर बरं होतं. ती माझ्या स्वभावात उतरली.

माझ्या मालकीणबाईंचं शिलाईचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनी तोडायचा आणि टाचण्या ओठांत धरायच्या, ही सवय. दातांनी किती दिवस सोसायचं? एकेकानं रजा घेतली, आणि त्यांच्या जागी मी कामावर रुजू झाले.

त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा बाहेरगावी शिकत होती. सुटीत घरी आली तेव्हा आईकडे बघून म्हणाली, "आई, काय छान दिसतायत गं दात! पेस्ट बदललीस का?"

मालकीणबाई "हो" म्हणाल्या. त्या एका "हो"पायी अकरा वर्षं लपाछपी चालली. त्यांच्या यजमानांना तेवढं ठाऊक होतं. रोज झोपण्याआधी ते पेल्यात पाणी भरून न्हाणीघरातल्या डब्यांमागं ठेवायचे आणि काही न बोलता दिवा मालवायचे. ते गेले, आणि गुपित जाणणारी मी एकटी उरले.

मी काही साधीसुधी नव्हते. पाहुणे आले की टोमॅटोची एखादी बी पोटाशी धरून बसायचे. मालकीणबाई कुणावर रागावल्या की नेमकी "स" आल्यावर हलकीशी शीळ घालायचे. त्यांचा राग तिथंच विरायचा. पण दगा मात्र कधी दिला नाही.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलाच्या आई पहिल्यांदा घरी आल्या त्या रणगाड्यासारख्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. खुर्चीत बसल्या तरी वर्गावर उभ्या असल्यासारख्या वाटायच्या. त्यांनी मुलीला हसायला लावलं, मग मालकीणबाईंकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलीचे दात अगदी तुमच्यावर गेलेत. आमच्या घराण्यात दातांची नुसती रड आहे. आता पुढची पिढी तरी सुटेल."

मालकीणबाईंना ठसका लागला. मी टाळूला घट्ट चिकटून राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच भीती बसली. हे कळलं तर विहीणबाई म्हणतील, फसवलंत. आणि त्याचा राग निघेल लेकीवर.

लग्नानंतर सहा महिन्यांनी मुलीनं आणि जावयानं दोन्ही आयांना बोटीची तीन दिवसांची सहल दिली, स्वतःही बरोबर निघाली. प्रेमानंच दिली. पण दोघींना मिळून एकच खोली घेतली. "तेवढीच तुमची ओळख होईल," मुलगी म्हणाली. मालकीणबाईंची माझ्यावरची पकड तिथंच सुटायची राहिली.

ती बोट जुनी होती. नव्यानं रंगवून, सजवून पुन्हा पाण्यात सोडलेली. पुढच्या बाजूला नवं नाव सोनेरी अक्षरांत होतं, पण ऊन तिरकं पडलं की रंगाखालच्या जुन्या नावाच्या कडा दिसायच्या. गालिचे इतके मऊ की पावलाचा आवाज होत नव्हता, आणि त्या गालिच्यांखाली जुनं लोखंड म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं कुरकुरायचं. जावई हौसेनं माहिती सांगत होता, "सगळं नवीन बसवलंय. फक्त सांगाडा जुना." मला ती बोट एकदम घरची वाटली. तीही कवळी लावूनच हसत होती.

खोलीचा नंबर सातशे सदुसष्ट. लहानशी, देखणी. दोन पलंगांच्या मधे एक माणूस आडवा होऊन कसाबसा जाईल एवढी जागा. न्हाणीघर मात्र बघितलं आणि मालकीणबाई मटकन पलंगावर बसल्या. नूतनीकरण करणाऱ्यांनी सगळीकडे काचाच लावल्या होत्या. काचेचं दार, काचेची भिंत, काचेच्या फळ्या. ना कपाट, ना कोनाडा, ना डब्यांमागची जागा. टूथब्रश ठेवला तर तोसुद्धा बाहेरून दिसायचा.

"किती उघडंवाघडं केलंय हो हे," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्याही आवाजात काळजी होती, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

दुपारी सगळ्यांना एका मोठ्या दालनात बसवलं. संकट आलं तर काय करायचं ते एका अधिकाऱ्यानं सांगितलं, एका मुलीनं लाइफ जॅकेट घालून दाखवलं, टाळ्या पडल्या. प्रवाशांची जॅकेटं खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, म्हणाले. तिथंच मालकीणबाईंना सुचलं. जॅकेटला शिट्टीसाठी छोटा खिसा होता. त्या मनाशी पुटपुटल्या, "ही कोण कशाला घालतंय? आणि घालायची वेळ आलीच, तर दातांची काळजी कुणाला!"

जेवताना दोघी समोरासमोर बसल्या. मालकीणबाईंनी सफरचंदाच्या नखाएवढ्या फोडी केल्या. विहीणबाईंनी तीनदा सूप घेतलं. कडक भाजलेल्या पावाला दोघींनीही हात लावला नाही.

"पाव नाही घेत तुम्ही?" विहीणबाईंनी विचारलं.

"पित्त होतं. आणि तुम्ही?"

"मी वजन बघतेय."



झोपायच्या वेळी विहीणबाई न्हाणीघरात गेल्या. तेवढ्यात मालकीणबाईंनी मला काढलं. आंघोळीला डोक्यावर घालायची प्लॅस्टिकची टोपी बोटीवाल्यांनी प्रत्येकीला फुकट दिली होती. त्या टोपीत मला ओल्या कागदी रुमालासकट गुंडाळलं आणि डावीकडच्या जॅकेटच्या खिशात सरकवलं. मग पांघरूण नाकापर्यंत ओढून "झोप आली बाई" असं घोगऱ्या आवाजात सांगून टाकलं.

थोड्या वेळानं कपाटाचं दार पुन्हा हळूच उघडलं. शेजारच्या जॅकेटच्या खिशात कुणीतरी काहीतरी कोंबलं. प्लॅस्टिक चुरचुरलं. दार मिटलं.

अंधारात मी गप्प राहिले. पण गप्प राहणं माझ्या जातीला कुठलं जमायला? मी दात वाजवले, टक. पलीकडून उत्तर आलं, टक टक.

"कोण आहे तिकडे?" पलीकडून दरडावून विचारणा झाली. आवाज थेट मुख्याध्यापिकांचा.

"तुमच्यासारखीच," मी म्हटलं. "अकरा वर्षं नोकरी झाली."

"माझी सतरा. नीट बस. खिशात लोळू नकोस."

म्हणजे विहीणबाईंच्याही तोंडात पाहुणीच होती! मला इतकं हसू आलं की प्लॅस्टिकची टोपी थरथरली. सांगायचं कुणाला, हाच प्रश्न. तोंडाशिवाय कवळी म्हणजे नुसती तक्रार.

सकाळी सहाला घंटा झाली. लांब, कर्कश, थांबता थांबेना. बाहेर पळापळ सुरू झाली. कुणीतरी दार ठोठावत ओरडलं, "जॅकेटं घ्या, वरच्या डेकवर चला! लवकर!"

दोघी ताडकन उठल्या. दोघींनी तोंडावर रुमाल धरले. विहीणबाई उंच, त्यांनी कपाट उघडून जॅकेटं खाली ओढली. ती दोन्ही पलंगावर पडली, उलटीपालटी झाली, आणि हाताला आलं ते एक त्यांनी मालकीणबाईंच्या अंगावर फेकलं. मालकीणबाईंना ते नको होतं. त्यांना डावीकडचं हवं होतं. पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं! बोलता येईना, बसता येईना. दोघी तशाच बाहेर पडल्या.

जिन्याच्या वळणावर मालकीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. दहा पायऱ्या वर विहीणबाईंनी दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. खिशातून प्लॅस्टिकची टोपी निघाली, आणि पुढच्या क्षणी मी परक्या तोंडात होते.

काय सांगू! मी राहणारी एका खोलीत आणि मला नेऊन सोडलं सभागृहात. धरायला टाळू सापडेना. विहीणबाईंनी जिभेनं मला दोनदा ढकलून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. समुद्राच्या हवेनं तोंड आकसलं असावं, असं त्यांना वाटलं असणार. तिकडे मालकीणबाईंच्या इवल्या तोंडात मुख्याध्यापिकांची कवळी मावता मावेना. त्यांचे ओठ असे फुगले होते की त्या गाल धरून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, हिरड्या सुजल्या.

डेकवर सगळे रांगेत उभे होते. मुलगी आणि जावई धावत आले. "आई, ठीक आहेस ना?" दोघींनी नुसत्या माना हलवल्या. पांढऱ्या गणवेशातला अधिकारी कागद घेऊन खोल्यांचे नंबर पुकारत होता. आपला नंबर मोठ्यानं सांगून हजेरी द्यायची, असा नियम.

"सातशे सदुसष्ट!"

मालकीणबाई तोंडात मूग धरून उभ्या. विहीणबाईंनी हात वर केला.

"हात नको, आवाज हवा," अधिकारी म्हणाला. "कोण आहे तिथं?"

जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या बाई त्या. त्यांनी मान ताठ केली आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "सातशे सदु..."

मी शीळ घातली. खोटं कशाला बोलू, या वेळी मुद्दाम नव्हती. धरायला काही नव्हतं म्हणून घसरले, घसरता घसरता शीळ निघाली आणि मी तोंडाबाहेर पडले. डेक ओला होता. बोट एका बाजूला कलली. मी सरकत निघाले, सरळ कडेच्या भोकाकडे, जिथून पाणी समुद्रात जातं. खालचं हिरवं पाणी मला दिसलंसुद्धा. तेवढ्यात जावयानं पाय आडवा टाकला.

सगळ्यांनी पाहिलं. रांगेत कुणीतरी फिस्स करून हसलं. जावयानं मला उचललं आणि हातात धरून आईकडे बघत राहिला. "आई... तुझी आहे ही?"

विहीणबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हजार पोरांना ज्या डोळ्यांचा धाक होता, ते डोळे खाली गेले. त्यांचा मुलगा, त्यांची सून, बोटीवरचे दोनशे लोक. त्या क्षणी त्या एवढ्याशा दिसल्या.

आणि मालकीणबाईंना सगळं समजलं. मला त्या हजारांत ओळखतात. माझ्या पुढच्या दोन दातांतली फट त्यांनी रोज आरशात पाहिलेली. ती जावयाच्या हातात. मग आपल्या तोंडात कोण?

त्या गप्प राहिल्या असत्या तर त्यांचं गुपित कायमचं वाचलं असतं. दात पडले विहिणीच्या तोंडातून. पाहणाऱ्यांनी पाहिलं. तोंड मिटून उभं राहायचं, बस्स, एवढंच करायचं होतं. मी जावयाच्या तळहातावरून त्यांच्याकडे बघत होते. खरं सांगते, त्या गप्प राहतील असंच मला वाटलं. अकरा वर्षं मी त्यांना ओळखत होते.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग दोन पावलं पुढं झाल्या, सगळ्यांसमोर तोंडात बोटं घातली आणि मुख्याध्यापिकांची कवळी बाहेर काढली.

"जावईबापू," बोबड्या आवाजात त्या म्हणाल्या, "ती माझी. तुमच्या आईंची ही. घाईत जॅकेटांची अदलाबदल झाली."

"आई!" लेक ओरडली. "तुला कवळी आहे?"

"अकरा वर्षं. आणि पेस्ट जुनीच आहे."

तेवढ्यात कर्ण्यावर घोषणा झाली. भटारखान्यात पाव करपला होता, आणि नवी बसवलेली धुराची घंटा जरा जास्तच तरतरीत निघाली होती. लोक हसत खाली गेले. दोघी विहिणी मात्र न्हाणीघरात नळाखाली आम्हाला धूत उभ्या राहिल्या. काचेच्या भिंतीमागं, अगदी उघड्यावर.

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल फसवलं," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "दातांचं एवढं कौतुक केलं होतंत."

"अहो, आपले गेले की माणूस दुसऱ्याचेच बघत बसतं," विहीणबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या घरी मी तीन तास तुमचे दातच बघत होते. हेव्यानं. आणि तेही असले निघाले!"

आधी एक हसली, मग दुसरी. दोघींच्या तोंडात एकही वरचा दात नव्हता.

त्याला आता दोन वर्षं झाली. डेकवर पडल्यामुळं माझ्या हिरडीला बारीक चीर गेली आहे आणि मी जराशी सैल बसते. दोघी मिळून नवी मापं द्यायला जायचं म्हणतात. माझं काही म्हणणं नाही. दात जाणं मला नवीन नाही, माझी नोकरीच त्यावर लागली. फक्त एवढंच मागते, घरात कुणी पेला धरून उभं असेल तर त्याला लपायला लावू नका.

आता मी न्हाणीघरात डब्यांमागं नसते. स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर, काचेच्या पेल्यात असते. तिथून दार दिसतं. आता घंटी वाजली आहे. विहीणबाईच असणार, त्या एकदा वाजवून थांबत नाहीत. मालकीणबाई हात पुसत उठल्या, माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थबकल्या, आणि मला न घालताच हसत दार उघडायला गेल्या. तुमच्याशी चार शब्द बोलले, येते आता. तशीही आज मला सुट्टीच दिसते.