पुसता न आलेले शून्य

मित्रांनो, माझ्या पाठीला लाकूड आहे आणि पोटाला नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, जाड पट्टी. पांढऱ्या फळ्याचा जुना डस्टर आहे मी. माझ्याबरोबर एकाच दिवशी चिकटवलेले नऊशे डस्टर बहुतेक शाळांत गेले. मी गेलो एका कागद कंपनीच्या बैठकीच्या खोलीत.

ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, म्हणजे तिचे छोटे छोटे हिस्से हजारो अनोळखी लोकांनी विकत घेतले होते. वर्षाअखेर नफ्यातला काही भाग या सगळ्यांना वाटतात. त्याला लाभांश म्हणतात. तो किती वाटायचा, हे संचालक मंडळ माझ्यासमोर ठरवत असे.

मला वाटायचे, आधी नफा लिहितील, त्यातून नव्या यंत्रांचा खर्च वजा करतील आणि उरलेल्यातून वाटतील. अकरा वर्षांत तसे एकदाही झाले नाही. फळ्यावर पहिला आकडा यायचा तो गेल्या वर्षीच्या लाभांशाचा: शेअरमागे चार रुपये. बाकीचे आकडे त्याच्याभोवती बसवले जायचे. नफा दुप्पट झाला तरी फार तर चार आणि वर चार आणे. नफा निम्मा झाला तरी चारच. कारण लाभांश घटला की बाजाराला वाटते, कंपनी आजारी पडली, आणि शेअरचा भाव कोसळतो. बैठक संपली की मी सगळे पुसून टाकत असे. "काम चोख आहे हो याचं," असे इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिव बाई एकदा म्हणाल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

अध्यक्ष आणि त्यांची धाकटी बहीण, दोघेही संचालक. वडिलांनी भावाला मोठा हिस्सा ठेवला होता, बहिणीला लहान. बहीण एकटी राहत होती आणि तिचे घर या लाभांशावर चालत होते. भावाला तिचा हिस्सा हवा होता. ती विकत नव्हती. बैठकीत ती बोलायला लागली की तो घड्याळाकडे पाहत बसे.

गेल्या वर्षी कंपनीला भरपूर नफा झाला. बैठकीच्या दिवशी अध्यक्ष वित्तप्रमुखांना घेऊन अर्धा तास आधी आले. फळ्याचे मार्कर सुकले होते. त्यांनी खोक्यांवर नावे घालायचा मार्कर उचलला आणि भराभर लिहिले: यंदा ०. पुढच्या वर्षी ०. भाव १४० वरून ८०. मग बेबी.

"साहेब, एवढा नफा असताना शून्य? लोक विचारतील," वित्तप्रमुख म्हणाले.

"सांगायचं, विस्तारासाठी राखून ठेवलाय."

"कसला विस्तार?"

"तुम्हाला पगार प्रश्न विचारायला देतो का मी? दोन वर्षं हातात दमडी आली नाही की येईल ती वठणीवर. ऐंशीनं उचलतो तिचा हिस्सा."

एवढ्यात बाहेर बहिणीचा आवाज आला. अध्यक्षांनी मला झडप घालून उचलले आणि फळ्यावर रगडले. मित्रांनो, एक टिंबही हलले नाही. फळ्याच्या शाईत तिला पृष्ठभागाला घट्ट चिकटू न देणारा पदार्थ असतो. खोक्याच्या शाईत तो नसतो. अध्यक्षांना हे ठाऊक नव्हते. वित्तप्रमुखांनी घाबरून माझ्यावर कपातला चहा ओतला. तरीही शून्ये जागच्या जागी.

बहीण आत आली, मागोमाग नवे मार्कर घेऊन सचिव बाई. बहिणीने फळा सावकाश वाचला.

"मग बेबी काय, दादा?"

"अगं, नुसतं गणित होतं ते."

"माझ्या घराचं? आणि बेबी म्हणू नकोस. चोपन्न वर्षांची आहे मी."

"बाबांनी तुला हिस्सा दिला, तीच चूक झाली."

"आणि तुला अक्कल द्यायची राहिली, ही दुसरी. खोक्याचा मार्कर!"

अध्यक्ष सचिव बाईंवर खेकसले, "बघताय काय? पुसा ते!"

बाईंना युक्ती ठाऊक होती. अशा शाईवर फळ्याचा ओला मार्कर गिरवला की त्यातल्या द्रवाने जुनी शाई सुटते. पण त्यांनी मार्कर टोपणासकट टेबलावर ठेवला.

"बाहेरचे दोन संचालक जिन्यात आहेत. त्यांनी वाचलं की पुसते."

"नोकरी जड झालीय का?"

"नाही ना. म्हणून तर फळ्यावरचं लपवून इतिवृत्तात खोटं लिहीत नाही."

अध्यक्षांच्या घराशी किंवा धंद्याशी कसलेच नाते नसलेले ते दोघे आले. त्यांनी फळा वाचला. "बेबी हा कुठला खर्च?" एकाने विचारले. सचिव बाईंनी आता मार्करचे टोपण काढले.

मग लाभांश सहा मिनिटांत ठरला: शेअरमागे चार रुपये. नफ्याकडे तेव्हाही कुणी पाहिले नाही. बहिणीचे घर वाचले, एवढेच.

"पुढच्या वेळी इथं फळाच नसेल," निघताना भाऊ तिला म्हणाला.

"तू असशील ना? मग मी आहेच," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात फळा उतरवला. आता मी सामानाच्या खोलीत पडून आहे. चहाने माझा नमदा कडक झाला आहे, लाकूड सुटत आले आहे. वर म्हणे आता आकडे अध्यक्षांच्या मोबाइलवर असतात. पुढचे शून्य अंगठ्याने पुसले जाईल, आणि बहिणीला ते दिसणारही नाही.

मित्रांनो, डस्टर महिन्यातून एकदा खिडकीबाहेर झटकत जा, त्याला कधी ओला करू नका. आणि तुमच्या वाट्याचा आकडा कुठे लिहिला जात असेल, तर त्या खोलीत लिहिणाऱ्याच्या आधी जाऊन बसा.