टिटवीखालची चार लिंबं

कडुबा मिस्तरीनं आयुष्यात किती चुका केल्या, असं बजाजनगरात कुणालाही विचारा. कडुबा जवळपास उभा असेल तर उत्तर एकच मिळायचं: एकही नाही. रिक्षाच्या कारखान्यात त्यानं बत्तीस वर्षं मागच्या चाकांचे डिफरन्शियल जोडले आणि त्यातला एकही परत आला नाही, हे त्यानं गल्लीत सांगितलं होतं, लग्नात सांगितलं होतं, आणि एकदा तर मयतीलाही. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारा लोखंडी गोळा. पण कडुबा सांगायला लागला की ऐकणाऱ्याला वाटे, अख्खा देश त्या गोळ्यावरच चाललाय.

निवृत्त झाल्यापासून मात्र त्याचे हात शिवशिवत. घरातला मिक्सर त्यानं चारदा उघडला आणि तीनदा जोडला. त्यामुळं लेक निशानं एक जुनी, फिकट पिवळी, छोटी हॅचबॅक गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिच्या आईला, केसरबाईला झाला. निदान मिक्सर तरी वाचणार होता.

निशा वाळूजच्या एका टूलरूममध्ये कामाला होती. कामाच्या दिवशी कंपनीची मशीन आणि सुट्टीच्या दिवशी ही गाडी, असं आठ महिने चाललं. तिनं गाडी वीतभर उचलली, तिला दातेरी टायर घातले, मागची सीट काढून टाकली. मूळची ही गाडी पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारी. निशानं भंगारातल्या जीपचं सामान आणून मागच्या चाकांनाही जोर जोडायला घेतला. एक दांडा ओढला की चारही चाकं कामाला लागणार. गल्लीतली पोरं तिला टिटवी म्हणू लागली, कारण अंग एवढंसं आणि पाय हे एवढे. केसरबाईला आत बसायला स्टूल लागे, आणि ते स्टूल मग गाडीतच राहू लागलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका पत्र्याच्या शेडसाठी. दौलताबादचे तात्यासाहेब यांची सीताफळाची बाग डोंगरावर. वर जाणारी वाट दगडगोट्यांची, आणि मधेच दोन शिळा अशा समोरासमोर की त्यांचा मुलगा विश्वजीत याच्या मोठ्या जीपचे दोन्ही आरसे तिथं शहीद झालेले. ट्रॅक्टरचा तर प्रश्नच नव्हता. पिकलेलं सीताफळ डोक्यावरून खाली येईस्तोवर निम्मं फुटायचं. निशानं हे ऐकलं आणि सरळ जाऊन विचारलं, "तात्यासाहेब, गाडीनं माल खाली आणून दाखवला तर रस्त्याकडंचं शेड गॅरेजला भाड्यानं द्याल का?" तात्यासाहेब हसले. त्या शेडात विश्वजीतला ज्यूस सेंटर टाकायचं होतं. पण ते शब्दाला पक्के. म्हणाले, "हंगामाच्या पहिल्या रविवारी बाराला व्यापाऱ्याचा टेम्पो येतो. त्याच्या आत एक खेप खाली आली तर शेड तुझं. न्हाय आली तर पुन्हा विषय काढायचा न्हाय."

आता स्वतःचं गॅरेज हे निशाचं शाळेपासूनचं स्वप्न. कडुबाला ते माहीत होतं, म्हणूनच त्यानं डिफरन्शियल बसवायचं काम हट्टानं स्वतःकडं घेतलं. निशा दुसऱ्या पाळीला गेलेली असताना त्यानं ते एकट्यानं उरकलं. "एकदा मला बघू द्या बाबा," ती म्हणाली, तर कडुबाचा पारा चढला. "बत्तीस वर्षं काय भजी तळली का मी?" मग त्यानं गाडी चारही बाजूंनी ठोकळ्यांवर उचलली, इंजिन सुरू केलं, दांडा ओढला, मागं जाऊन चाकं गरागरा फिरताना पाहिली आणि गल्लीत पेढे वाटले.

त्या रविवारी सकाळी टिटवी टेम्पोवर लादून दौलताबादला आली. असली फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, त्यामुळं जमिनीवर तिची चारही चाकं एकदम चालणार होती ती थेट तिथंच, डोंगराच्या पायथ्याला. नऊ वाजले होते.

"जय भीम, तात्यासाहेब."

"राम राम, कडुबा. ही बाहुली चढणार व्हय डोंगर?"

कडुबा उत्तर देणार, तेवढ्यात तात्यासाहेबांच्या मंडळी, आशाबाई, चार लिंबं घेऊन आल्या आणि एकेका चाकापुढं ठेवू लागल्या.

"वहिनी, आम्ही लिंबू-बिंबू मानत नाय," कडुबा म्हणाला.

"नका मानू. गाडी तुमची हाय, पर रान आमचं हाय," आशाबाई म्हणाल्या आणि चौथं लिंबू ठेवून बाजूला झाल्या.

निशानं दांडा ओढला आणि गाडी सोडली. पुढच्या चाकांखाली दोन लिंबं फचकन फुटली. आणि गाडी तिथंच थरथरत उभी राहिली. इंजिन ओरडतंय, माती उडतेय, पण टिटवी काही जागची हलेना. उलट मागच्या चाकांनी खड्डे खणायला घेतले, आणि त्यांच्यापुढची दोन लिंबं अख्खीच्या अख्खी पुढं भिरकावली गेली. त्यातलं एक गाडीच्या पोटाखालून घरंगळत आलं आणि कडुबाच्या बुटाला लागून थांबलं.

निशानं इंजिन बंद केलं. विश्वजीत तोंडावर हात धरून हसत होता. तात्यासाहेब हसले नाहीत, ते त्याहून वाईट बोलले. "पोरीच्या जातीचं काम ते. चला, विषय संपला."

निशा बॉनेटपाशी वाकली. "माझंच काहीतरी चुकलं," ती स्वतःशीच पुटपुटली. "गिअर उलटा जोडला की काय मी…"

कडुबा त्या लिंबाकडं बघत होता. लिंबू चिरडलं जायचं सोडून पुढं उडालं, म्हणजे चाक उलटं फिरलं. पुढची चाकं पुढं निघालेली आणि मागची मागं. आणि चाक उलटं का फिरलं, हे त्या क्षणी अख्ख्या रानात एकट्या कडुबाला कळलं होतं. कारखान्यात तो गोळा त्याच्यासमोर कायम पालथा यायचा. बत्तीस वर्षं त्यानं तो पालथाच पाहिला, पालथाच जोडला. सुलटा करायचं काम लाइनीत पुढं दुसऱ्याच कुणाचं होतं. त्या दिवशी हातांनी आपली सवय पाळली आणि गोळा पालथाच बसवला. ठोकळ्यांवर चाकं फिरतात हे त्यानं पाहिलं, कुणीकडं फिरतात ते पाहिलंच नाही.

गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. बत्तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. पण पोर वाकून स्वतःची चूक शोधत होती, न केलेली. कडुबाला तिथंच उभ्या उभ्या रडू आलं. त्यानं लिंबू उचललं आणि पुढं झाला.

"तात्यासाहेब, चूक पोरीची नाय. मागचा गोळा मी बसवला. पालथा बसवला. ती तपासते म्हणत होती, मीच तपासू दिलं नाय." मग म्हणाला, "बारा अजून वाजले नायत."

केसरबाईनं तोंडाला पदर लावला; तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची अशी कबुली ती पहिल्यांदा ऐकत होती. निशा सरळ झाली आणि बापाकडं बघत राहिली. ती चिडेल असं कडुबाला वाटलं. चिडायला हवंच होतं.

"चौदाचा पाना द्या, बाबा," ती म्हणाली आणि गाडीखाली शिरली.

पुढचे दोन तास कडुबानं पाने दिले, घमेलं धरून तेल काढलं, पुन्हा भरलं, आणि एकही सल्ला दिला नाही. गोळा उतरवताना टेकायला काही नव्हतं, तेव्हा केसरबाईनं आपलं स्टूल पुढं सरकवलं. त्या स्टुलावरच तो सुलटा झाला. नट-बोल्ट कसून झाल्यावर कडुबा हात पुसत आशाबाईंकडं गेला.

"वहिनी, अजून चार लिंबं मिळतील का?"

ती त्यानं स्वतः ठेवली. निशानं गाडी सोडली. फच, फच, फच, फच! चारही फुटली आणि टिटवी खड्ड्यातून बाहेर निघून डोंगराला लागली. दोन शिळांमधून ती दोन्हीकडं बोटबोट जागा राखून गेली, तेव्हा विश्वजीतसुद्धा शिट्टी वाजवून मोकळा झाला. बाराला सात मिनिटं कमी असताना ती अठरा क्रेट घेऊन खाली आली. एक सीताफळ तेवढं फुटलं होतं, ते आशाबाईंनी केसरबाईच्या हातावर ठेवलं.

तात्यासाहेबांनी खिशातून शेडची किल्ली काढली. "मिस्तरी, ही घ्या," ते म्हणाले. कडुबानं सवयीनं हात पुढं केला. पण तात्यासाहेब त्याला ओलांडून गेले आणि किल्ली निशाच्या काळ्या, तेलकट हातात ठेवली. कडुबानं आपला रिकामा हात हळूच खिशात घातला. एवढा आनंद त्याला पगाराच्या दिवशीही कधी झाला नव्हता.

आता त्या शेडात कुठलीही गाडी तयार झाली की कडुबा बाजारातून चार लिंबं आणतो आणि चाकांपुढं ठेवून उकिडवा बसून बघतो. परवा बजाजनगरचा जुना सोबती सुदर्शन आला, त्यानं हे पाहिलं आणि गालात हसला.

"काय कडुबा, तू कधीपासनं पूजा करायला लागला?"

"पूजा नाय रे, तपासणी हाय."

"म्हंजे पोरीचं काम तपासतो व्हय?"

"पोरीचं कशाला?" कडुबा लिंबावरची नजर न काढता म्हणाला. "माझं."