नबींची रिकामी खुर्ची

यतीन पेणकरला यातून मिळायचं ते एवढंच: संगमरवरी पाटीवर नाव. पण तेवढ्यासाठी मी मरता मरता एका बाळाला घेऊन मेले असते.

मित्रांनो, मी दिल्लीतल्या एका छोट्या सिनेगॉगमधली, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली, जुनी लाकडी खुर्ची आहे. सरकारी नोकरीत बदली होऊन आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांनी मला कोकणातून आणलं. मी एलियाहू हन्नबींची, म्हणजे एलिया प्रेषितांची, म्हणून माझ्यावर कोणी बसत नाही. मुलाची सुंता असली की बाळाला आधी क्षणभर माझ्या उशीवर ठेवतात. एरवी लोक मला बोटं टेकवून ओठांना लावतात. मान भरपूर मिळाला. पण कोणी बसलंच नाही, तर पाय पोकळ झालाय हे कळणार कसं?

मागच्या ओल्या भिंतीतून वाळवी आली होती. यतीन कमिटीचा सेक्रेटरी. त्याला जीर्णोद्धाराची घाई. त्याने ओलीवर सिमेंट थापलं, वर पाटी बसवली, मला वॉर्निश लावलं. बाहेरून मी नवरीसारखी चमकत होते. आतून कुरकुर थांबत नव्हती.

झाडलोट इंदुमतीमावशी हौसेने करत. त्या म्हणाल्या, "यतीन, खुर्चीखाली माती येते रे. पुसली की पुन्हा."

"मावशी, दिल्लीत धूळ कुठे नसते?" तो हसला.

मग दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या रेवतीला मुलगा झाला. कित्येक वर्षांनी इथे सुंता होणार होती. यतीनने त्याच दिवशी पाटीचं अनावरण ठेवलं. पाहुणे जमले. मावशी बाळाला घेऊन आल्या आणि माझ्याजवळ थबकल्या. खाली पुन्हा माती होती. मला तर उशीचंही ओझं होत होतं.

"मावशी, चलो, सगळे थांबलेत," यतीन म्हणाला.

मावशींनी बाळ रेवतीकडे दिलं, पदर खोचला आणि मागे वळून माझ्यावर बसू लागल्या.

"अहो, ती नबींची जागा आहे!" यतीन ओरडला.

"नबींची समजूत मी काढीन. उद्या रेवतीची कोण काढणार?"

त्या टेकल्या. माझा पाय मोडला. त्यांचं खुब्याचं हाडही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नमस्कार जरूर करा. पण कधी हलवून, वाकून खालीही बघा. मी आता अडगळीत आहे. भिंत अजून कोणी उकरलेली नाही, कारण आधी पाटी काढावी लागेल. त्या पाटीमागून कुरकुर ऐकू येते. ती धर्मग्रंथांच्या कपाटाकडे सरकते आहे.

यतीनला पाटी मिळाली. बाळाला नाव मिळालं. मावशींना काठी.