निजाम मास्तरांची इंग्रजी नाती

प्लेगचे उंदीर पडू लागले तसं जुन्नर ओस पडलं. लोकांनी नदीपलीकडच्या माळावर, लेण्याद्रीच्या वाटेला कुडाची छपरं घातली. वेशीवर शिपाई बसले. शाळेला कुलूप लागलं आणि पोरं दिवसभर उंडारू लागली. तेव्हा निजाम मास्तरांनी त्यांना एका बाभळीखाली गोळा केलं. पुण्याला राहून थोडंबहुत इंग्रजी शिकलेले त्या माळावर ते एकटेच होते.

पहिला धडा नात्यांचा. "आपापल्या घरातली माणसं सांगायची," मास्तर म्हणाले. "बाप म्हणजे फादर, आई मदर, बहीण सिस्टर, आजी किंवा दादी ग्रँडमदर. आणि आधी माय लावायचं. माय म्हणजे माझं."

पोरं खदाखदा हसली. माय म्हणजे आई सोडून दुसरं काही असतं, हे त्यांना पटेचना.

सगळ्यांत चुणचुणीत होता कासम, कागद करणाऱ्या कमरुद्दीनचा मुलगा. त्याला ग्रँडमदर हा शब्द फार आवडला होता. मास्तरांना मात्र त्याच शब्दाची धास्ती वाटायची. कमरुद्दीननं प्लेगसाठी नेमलेल्या गोऱ्या डॉक्टरसाहेबाला सांगितलं होतं, की आपली आई बिबिजान घोडेगावला नातेवाइकांकडे गेली. खरं तर गाव सोडायच्या सकाळीच म्हातारीला ताप भरला होता. आजारी माणूस दिसला की साहेब त्याला प्लेगच्या छावणीत न्यायचा आणि तिथून माणूस सहसा परत येत नसे. म्हणून तिला घरातच ठेवून बाहेरून कडी घातली होती. पडक्या तटातून शिरून कमरुद्दीन तिला भाकरी-पाणी देऊन यायचा. सगळ्या माळाला हे ठाऊक होतं आणि सगळा माळ गप्प होता.

एका सकाळी पोरं धडा घोकत असताना साहेबाचा घोडा बाभळीपाशी थांबला. छपरांच्या दारांतून बाया आत सरकल्या. साहेब मात्र खुशीत होता. त्यानं कासमकडे बोट केलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण?"

कासम ताठ उभा राहिला. "माय फादर, माय मदर, माय सिस्टर, माय ग्रँडमदर!"

"ग्रँडमदर?" साहेबाची भुवई वर गेली. "ती कुठं आहे?"

प्रश्न कासमला कळला नाही, पण नातं कळलं. त्यानं हात लांब करून नदीपलीकडचं ओस गाव दाखवलं.

 साहेब आता मास्तरांकडे बघत होता. ते म्हणाले, "साहेब, त्यानं नुसता धडा म्हटला. ही पोरं पोपटासारखी घोकतात. काहीही विचारा, हेच म्हणतील आणि कुठंही बोट दाखवतील."

साहेबानं लगेच दुसऱ्या पोराला उठवून तेच विचारलं. तो गेणू, हौशीराम गाडीवानाचा. त्याची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि बहीण त्याला नव्हतीच. गेणूनं एकदा मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. "माय फादर, माय मदर, माय सिस्टर, माय ग्रँडमदर."

"याला आई आहे?" साहेबानं मास्तरांना विचारलं.

"नाही, साहेब. बहीणही नाही."

साहेब मोठ्यानं हसला आणि घोड्याला टाच मारून निघून गेला. गेणू भीतीनं तसं बोलला की समजून, हे मास्तरांना कधीच कळलं नाही.

थोड्या वेळानं कमरुद्दीन आला आणि त्यानं मास्तरांचे दोन्ही हात धरले. "लई उपकार झालं, मास्तर."

"म्हातारीला प्लेगची गाठ आहे का?"

कमरुद्दीननं मान खाली घातली. "बगितलं न्हाई. दारातच पानी ठिवतो. जवळ जायाचं लई भ्या वाटतंय."

 आपण नेमकं कशाला पाठीशी घातलं, हेच मास्तरांना ठाऊक नव्हतं. दुपारी ते स्वतः तट ओलांडून आत गेले. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. उघड्या दारांतून कुबट वास येत होता. पायाशी मेलेला उंदीर दिसला तेव्हा परत फिरावं असं त्यांना दहादा वाटलं. शेवटी त्यांनी कडी काढली.

"कोन हाय?" अंधारातून खोल गेलेला आवाज आला.

"मी निजाम, चाची."

"आत नको येऊस, लेकरा. जांघेत गाठ आलीया." म्हातारी धापा टाकत होती. "कमरू पानी ठिवतो अन् पळतो. त्याची पावलं ऐकत पडते मी. मला तिकडं छावणीत न्या रं."

"तिथून कुणी परत येत नाही, चाची."

"अन् हितनं कोन येतंय? मरायचंच तर चार मान्सांचा आवाज ऐकत मरीन."

मास्तर तडक छावणीत गेले आणि सकाळी झाकलेलं सगळं सांगून टाकलं. साहेब ओरडला नाही. तो फक्त झटकन दोन पावलं मागं सरला, तेव्हा रोग आपल्यालाही लागला असेल हे मास्तरांना उमगलं.

म्हातारीला डोलीतून नेलं. सून साबेरा हट्टानं तिच्याबरोबर गेली. कमरुद्दीन डोलीमागं रडत चालला, पण मास्तरांकडे त्यानं वळून पाहिलं नाही. मास्तरांना एका वेगळ्या झोपडीत ठेवलं. जरा कुठं खाज सुटली तरी ते काखेत, जांघेत चाचपत बसायचे. डोळा लागला की बिबिजानची धाप ऐकू यायची.

बिबिजानची गाठ फुटली आणि ती वाचली. उठून बसली तेव्हा हाडांचा सापळाच झाली होती, पण साबेराला हुकूम सोडू लागली होती. मास्तरांनाही काही झालं नाही. त्यांना मोकळं केलं तेव्हा ते बाभळीखाली जाऊन बसले, तर एकही पोर आलं नाही. हा माणूस रोग आणील, नाहीतर साहेबाला काहीबाही सांगील, असं माळावर बोललं जात होतं.

उन्हं चढल्यावर एकटा गेणू आला आणि बराच लांब बसला. बापानं तसंच बजावलं असावं. मास्तरांनी त्याला जवळ बोलावलं नाही. आपल्या अंगात रोगाचं काही उरलं नाही, याची त्यांना स्वतःलाच अजून खात्री नव्हती. तिथूनच त्यांनी मोठ्या आवाजात नवा शब्द सांगितला, "नेबर म्हणजे शेजारी."