पितर काळे का पडले?

पोलादपूरच्या एसटी स्टँडमागच्या गाळ्यासमोर त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कुडपणपासून महाडपर्यंतची माणसं रांगेत उभी होती. मुंबईकर वीर स्टेशनवरून रिक्षा करून आले होते. सगळ्यांना आपापली मेलेली माणसं बघायची होती. आत छायानाथ महाराज ती कोऱ्या कागदावर हजर करत.

मी कुडपणच्या शाळेत मास्तर. गावातल्या चंद्रभागाबाईंना सोबत हवी होती म्हणून गेलो. आत काळोख, कोपऱ्यात एक लाल दिवा. "आत्म्याला पांढरा उजेड सोसत नाही," शिष्य कुजबुजला. महाराजांनी डब्यातून कागद काढून दोन्ही बाजू दाखवल्या. "कोरा! पूर्ण कोरा!" त्यांच्या भक्तांच्या डोक्यांबद्दल बोलताहेत की काय, असं मला क्षणभर वाटलं. कागद 'तीर्था'च्या तबकात बुडाला आणि हळूहळू कपाळ, मिशा, डोळे उमटले.

"मालक!" चंद्रभागाबाई रडू लागल्या. "अक्षी तशेच!"

मग कागद दुसऱ्या तबकात, 'गंगे'त गेला. थोड्या वेळाने बाई तो छातीशी धरून बाहेर आल्या.

आठ दिवस आधी शिष्याने नाव, गोत्र आणि मालकांचा फोटो घेतला होता. परलोकातल्या माणसाला ओळखायला महाराजांना व्हॉट्सॲपवर फोटो लागत होता! मी हे बाईंना सांगितलं.

"मंग कोऱ्या कागदावर कसं उमटलं, ते सांगा गुरुजी."

ते मला सांगता येईना. मला नुसतं हसता येत होतं, आणि हसण्याने कुणाचं मत बदलत नाही.

जाताना महाराजांनी बजावलं होतं की मालकांचा आत्मा अतृप्त आहे, सुनेने अकरा दिवस मठात राहून सेवा करावी. सून उज्वला सरळ म्हणाली, "मी नाय जायची."

पुढच्या गुरुवारी बाईंनी हे सांगितलं, तेव्हा महाराजांनी पुन्हा चेहरा काढला, पण गंगेत न बुडवता ओलाच काळ्या फडक्यात गुंडाळून दिला. "घरी उघडा. पितर काय ते सांगतील." बाईंनी अंगणात फडकं सोडलं आणि बघता बघता नवऱ्याचा चेहरा झाकोळला, तव्यासारखा काळा झाला. बाई किंचाळल्या. मुंबईतल्या मुलाला फोन गेला. तोही घाबरून म्हणाला, "तिला माहेरी पाठव." संध्याकाळी उज्वला एक पिशवी घेऊन घराबाहेर पडली. मी आडवा गेलो, पण माझं कोण ऐकतो!

त्याच आठवड्यात महाडचे माझे मित्र बुद्धरत्न यांची मुलगी निशिगंधा गावात आली होती. ती मुंबईत फोटोग्राफी शिकते. सध्या माणसांचे चेहरे टिपायचे आणि अंधाऱ्या खोलीत त्यांचे फोटो स्वतःच्या हाताने छापायचे, हा तिचा अभ्यास. त्यासाठी तिने चंद्रभागाबाईंचाही फोटो घेतला होता. मी तिला तो काळा कागद दाखवला. तिने तो हुंगला आणि हसली.

"काका, पहिल्या महिन्यात माझे असे पंधरा फोटो काळे झाले. आमच्या सरांनी एकदाही पितरांचं नाव घेतलं नाही."

उज्वलाचं ऐकल्यावर मात्र तिचं हसू थांबलं.

"चल, बाईंना आत्ताच सांगू," मी म्हणालो.

"सांगून नाही पटायचं. दाखवू."

ती आधी पोलादपूरला गेली आणि महाराजांना म्हणाली, तुमचा एक फोटो काढू द्या. महाराजांनी केस सारखे केले, हसून आशीर्वादाचा हात वर केला. मग ती मुंबईला गेली आणि गुरुवारी एक काळं पाकीट घेऊन परतली.

महाराजांच्या गाळ्यात लाल उजेडात आम्ही चंद्रभागाबाईंसोबत बसलो. महाराजांनी कागद काढायच्या आत निशिगंधाने आपला कोरा कागद तीर्थात सरकवला. हनुवटीवरचं गोंदण उमटलं, मग सुरकुत्या, मग डोळे.

"अगो बाय, ही तर मी!" चंद्रभागाबाई ओरडल्या. "मी जिती हाय गो!"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज सावरले. "माते, हा संकेत आहे. तुझा काळ जवळ आलाय."

निशिगंधाने शांतपणे दुसरा कागद सोडला. केस, माळा, वर केलेला हात. साक्षात छायानाथ!

"आणि ह्यांचा काळ, महाराज?"

खोली हशाने दणाणली. "दिवा लावू नका! भस्म व्हाल!" महाराज ओरडले. मी बटण दाबलं. भस्म कुणी झालं नाही. निशिगंधाने डब्यातले कोरे कागद उजेडात धरले आणि एकेक तीर्थात बुडवला. सगळे काळेकुट्ट.

"सगळ्यांचे पितर एकदम कसे कोपले?" तिने विचारलं. मग समजावलं, "हा फोटो छापायचा कागद आहे. तुमच्याच मोबाईलमधला चेहरा ह्यांनी त्यावर उजेडाने आधीच पाडलेला असतो, फक्त दिसत नाही. हे तीर्थ म्हणजे औषध, त्याने तो दिसतो. लाल उजेड ह्या कागदाला बाधत नाही. गंगेतल्या औषधाने फोटो टिकतो. ते वगळलं, की पांढऱ्या उजेडात कागद काळा पडतो. जो ऐकतो त्याचा फोटो टिकवायचा, जो ऐकत नाही त्याचा काळा करायचा, एवढीच ह्यांची सिद्धी."

शिष्य मागच्या दाराने पसार झाला. महाराजांना लोकांनी जाऊ दिलं नाही. पोलीस आल्यावर तक्रारीवर पहिली सही चंद्रभागाबाईंनी केली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर उज्वलाच्या माहेरी गेलो. ती दारातच उभी राहिली.

"आत्या, कागदाला इचारलंत. मला नाय इचारलंत."

"चुकलं माझं, पोरी."

उज्वलाने पाणी दिलं, पण त्या दिवशी आली नाही. नवरा मुंबईहून येऊन स्वतः माफी मागून गेला, त्यानंतर आठ दिवसांनी आली. मला ते योग्यच वाटलं.

एखादी गोष्ट कशी घडली हे आपल्याला कळलं नाही, म्हणून ती दैवी ठरत नाही. मला कळत नव्हतं. निशिगंधाला कळलं, कारण ती ते शिकली होती. आपल्याला माहीत नसेल तर जाणत्याला विचारावं, वाट पाहावी. आणि उत्तर मिळेपर्यंत घरातल्या जित्या माणसाला कुणाच्या शब्दावरून दाराबाहेर काढू नये.