राजासाठी कोंडलेला तेलाचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. इंग्रज मला 'अनॉइंट' म्हणतात. देवाचं नाव घेऊन एखाद्याला तेल लावणे, हा माझा अर्थ. जन्म लॅटिन भाषेतला. तिथे मी नुसता 'चोपडणे' होतो. गाडीचा आस असो की पैलवानाची पाठ, मला सगळं सारखंच. तुमचं दिवाळीचं अभ्यंग आणि डोळ्यांतलं अंजन ही माझी चुलत भावंडं. हे विद्वानांना विचारा. बाकीची हमी मी देत नाही. फ्रेंच सरदारांच्या जिभेवर बसून मी समुद्र ओलांडला. इतका निसरडा होतो, की दोन सरदार बोलता बोलता घसरून पाण्यात पडले!

इंग्लंडात राजाच्या माथ्यावर तेल घालताना मला पुकारू लागले. मी फुगलो आणि तिथेच फसलो. पुढे धर्मात उलथापालथ झाली. पूर्वी मला उच्चारून आजाऱ्यांनाही तेल लावत, ते बंद झालं. एक राजा मरून दुसरा येईपर्यंत पोथीत पडून राहायचं, वरून पितळी कडी.

इंग्लंडच्या उत्तरेला, कंबरलँडच्या डोंगरात एनोक बिर्केट हा म्हातारा मेंढपाळ शेवटच्या घटका मोजत होता. उशाशी गावचा पाद्री पोथी घेऊन बसला होता. त्याच्या आजीला मरताना लावलं होतं तसं तेल लावून घेऊनच त्याला जायचं होतं.

"पाद्रीबाबा, तेवढा तेलाचा शब्द म्हणा की," त्याची बायको टॅमार म्हणाली.

"बाई गं, तो आता राजाचा. मी म्हटला तर माझी भाकरी जाईल."

पाद्र्याने पोथी छातीशी घट्ट धरली. आत मी गुदमरत होतो.

टॅमारने मेंढ्यांचं मडकं ओढलं. पाऊस आत मुरू नये म्हणून थंडीआधी मेंढीच्या लोकरीत भांग पाडून कातडीला चोळतात, ते डांबर घातलेलं लोणी. तिने बोट बुडवलं.

"भांग नीट पाड," एनोक कुरकुरला, "नाहीतर पावसात भिजेन."

"केस आहेत का भांग पाडायला, म्हाताऱ्या? मेंढी बरी, निदान गप्प उभी राहते!"

कपाळ काळंकुट्ट झालं. एनोक हसला, मग नुसता पाद्र्याकडे बघत राहिला. पाद्र्याने उठून दार लावलं. पोथी बाजूला ठेवली आणि एनोकच्या कानाशी वाकून मला उच्चारलं. राजांची कपाळं मला गार लागली होती. हे कढत होतं.

संध्याकाळी एनोक गेला.

"टॅमार, कुठे बोलू नकोस हं," पाद्री म्हणाला आणि पोथी उचलून निघाला. मी पुन्हा कडीआड.

मित्रांनो, मला असं जपू नका. घरात कुणी तापाने कण्हत असेल, तर बोटभर तेल घ्या, त्याच्या कपाळाला लावा. नाव माझं घ्या किंवा माझ्या भावंडांचं. मी येईन.